शेवटची बस आणि शहराचे नियोजन

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक छोटे नाटक बसविण्यास घेतले होते. मुख्य कामासाठी नववीतील एका मुलीची निवड झाली. आवाज स्वच्छ, पाठांतर पक्के, आणि रंगमंचावर उभी राहिली की शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचावा अशी तिची उच्चारपद्धती. तालमी शाळा सुटल्यावर सातपर्यंत चालत. चौथ्या दिवशी ती आमच्यापाशी आली आणि मान खाली घालून म्हणाली, "सर, हे काम मला जमायचं नाही." कारण विचारले तेव्हा कळले, की तिचे घर मांडवीच्या पलीकडे, बार्देशातील एका लहान गावी आहे, आणि त्या गावी जाणारी शेवटची बस सव्वासहाला सुटते. वडील कामावरून रात्री परततात, घरात दुचाकी एकच, तीही त्यांच्यापाशी. आम्ही "बघू" म्हटले. दोन दिवसांनी ते काम आम्ही दुसऱ्या मुलीस दिले. तिचे वडील सात वाजता मोटार घेऊन शाळेच्या दाराशी उभे राहत.

त्याच नाटकात काम करणारा दहावीतील एक मुलगा स्कूटरवरून तालमीस येई. त्याच्यापाशी परवाना नव्हता, त्याच्या वयास तो असणेही शक्य नव्हते. स्कूटर तो फाटकाबाहेर, वळणाआड ठेवी. आम्ही ती पाहिली होती आणि पाहूनही न पाहिल्यासारखे केले होते. मुलगा गुणी, त्याच्याविना नाटक अडले असते, हे त्याचे कारण. लिहिताना लाज वाटते. परंतु या अंकात मुलांनी खरे लिहावे असे आम्ही दरवर्षी सांगतो, तेव्हा हा नियम शिक्षकांसही लागू असला पाहिजे.

शहरातील वाहतूक कशी आखावी, कमी धुराची व दीर्घकाळ टिकणारी व्यवस्था कशी उभारावी, हा प्रश्न अभियंत्यांचा व नगरशासकांचा, असे आजवर आम्ही समजत होतो. यंदा तो आमच्या तालमीच्या खोलीत येऊन बसला. एका मुलीचे काम गेले ते तिच्यात गुण नव्हते म्हणून नव्हे, तर बस नव्हती म्हणून. आणि एका मुलाने कायदा मोडला तोही बस नव्हती म्हणून. म्हणून या विषयावर आम्हांस जे वाटते ते विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम मूळ प्रश्नच नीट मांडला पाहिजे. शहराने वाहून न्यावयाची ती माणसे होत, वाहने नव्हेत. हे बोलण्यास सोपे, पण रस्त्यांची आखणी करताना बहुधा विसरले जाते. रस्त्यावर दाटी झाली की आपण म्हणतो, "रस्ता रुंद करा", गाड्या ठेवण्यास जागा उरली नाही की म्हणतो, "जागा वाढवा." आता एक साधे गणित करू. आमचा वर्ग सुमारे 500 चौरस फुटांचा आहे व त्यात 40 मुले बसतात. एक मोटार उभी करण्यास सुमारे 130 चौरस फूट जागा लागते. म्हणजे जेथे 40 मुले ज्ञान संपादन करतात, तेथे जेमतेम चार मोटारी उभ्या राहतील. आणि त्या चार मोटारींतून सकाळी शहरात बहुधा चार-पाचच माणसे आलेली असतात. पणजीसारख्या शहरास, ज्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 40 हजार होती, पण जेथे दिवसा तिसवाडी, बार्देश, फोंडा येथून नोकरदार व विद्यार्थी यांची रीघ लागते, ही उधळपट्टी परवडेल काय? एका बाजूस मांडवी, दुसऱ्या बाजूस आल्तिनोची टेकडी. या शहरास पसरण्यास जागा नाही.

दुसरे गणित धुराचे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, हवेत जातो. मोटार लिटरमागे 15 किलोमीटर धावली असे धरले, तर दर किलोमीटरला सुमारे 150 ग्रॅम कर्बवायू पडतो. 45 किलोमीटर धावणारी स्कूटर सुमारे 50 ग्रॅम सोडते. डिझेलवर चालणारी बस लिटरमागे चारच किलोमीटर धावते, म्हणून ती मोटारीच्या चौपटीहून अधिक, सुमारे 675 ग्रॅम कर्बवायू सोडते. पण तीत 40 माणसे असली तर माणशी केवळ 17 ग्रॅम येतात. रोज 20 किलोमीटर ये-जा व वर्षाचे 200 दिवस धरा. मोटारीतून एकटे येणाऱ्याच्या नावे वर्षास सुमारे 600 किलो कर्बवायू, आणि भरलेल्या बसमधून येणाऱ्याच्या नावे 70 किलोहूनही कमी.

या गणिताची दुसरी बाजूही मुलांनी लक्षात ठेवावी. त्याच बसमध्ये पाचच माणसे असली, तर माणशी 135 ग्रॅम पडतात; स्कूटरवरून गेलेले बरे! बस ही बस आहे म्हणून श्रेष्ठ नव्हे. ती भरलेली असते म्हणून श्रेष्ठ. आणि ती भरते केव्हा? ती वेळेवर येते, वारंवार येते, आणि माणसास परत घरी नेण्याची खात्री देते तेव्हा. सकाळी नेणारी बस आहे पण संध्याकाळी आणणारी नाही, असे झाले तर माणूस सकाळचीही बस सोडतो. सव्वासहाची ती शेवटची बस साडेसातपर्यंत लांबविली, तर साडेसातच्या बसला किती प्रवासी मिळतील एवढाच हिशेब करू नये. त्या एका फेरीच्या भरवशावर दिवसभरात किती माणसे बसकडे वळतील, तोही करावा.

आम्ही घरी कोंकणी बोलतो व शाळेत मराठी शिकवितो. या दोन्ही भाषांत थांबण्यास एकच शब्दप्रयोग आहे: मराठीत 'वाट पाहणे' आणि कोंकणीत 'वाट पळोवप'. आपले पूर्वज रस्त्याकडे डोळे लावून थांबत, म्हणून तो रूढ झाला असावा. पण रस्त्याकडे किती काळ पाहावे यास मर्यादा आहे. दहा मिनिटे वाट पाहावी लागली तर माणूस पाहतो. पाऊण तास पाहावी लागली तर तो हप्त्याने स्कूटर घेतो. आणि एकदा घेतली की ती पुन्हा विकून बसकडे येत नाही. गोव्याची लोकसंख्या 2011 साली 14 लाख 58 हजार होती. राज्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या आज त्या आकड्याहून कमी नाही. ही समृद्धीची खूण आहे असे काहीजण मानतात. आमच्या मते तीत वाट पाहून थकलेल्यांची संख्याही मोजलेली आहे.

येथे कोणी म्हणेल, की रस्ते व पूल वाढविले म्हणजे प्रश्न सुटेल. मांडवीकडेच पाहू. तिच्यावरचा पहिला पूल जुलै 1986 मध्ये कोसळला. वडीलधारी मंडळी सांगतात, की त्या पावसाळ्यात सारा उत्तर गोवा फेरीबोटींच्या धक्क्यांवर रांगा लावून उभा होता. पुढे 1992 मध्ये नवा पूल झाला, आणि 2019 मध्ये अटल सेतू त्यांच्या डोक्यावरून गेला. हे पूल हवेच होते. त्यांस नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण संध्याकाळी सहाच्या सुमारास पर्वरीकडे निघालेल्या माणसास विचारा, दाटी सरली काय? रस्ता रुंदावला की प्रवास सुलभ होतो, सुलभ झाला की अधिक लोक गाड्या काढतात, आणि काही वर्षांत तो रस्ता पूर्वीइतकाच भरतो. हा अनुभव जगातील अनेक मोठ्या शहरांनी घेतला आहे.

मग करावे काय? परदेशातील एक उदाहरण मुलांस विशेष जवळचे वाटेल. नेदरलँड्स हा देश आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो; तेथील चौथ्या हिश्शाहून अधिक प्रवास सायकलीवरून होतात. पण तो पूर्वापार तसाच होता असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, चौक मोडून वाहनतळ झाले, आणि 1971 या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले व 'मुलांची हत्या थांबवा' अशी चळवळ उभी राहिली. 1973 च्या अखेरीस तेलाची टंचाई आली, तेव्हा तेथील सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. मोकळ्या रस्त्यांवर मुले खेळली, आणि रस्ता असाही असू शकतो हे लोकांनी पाहिले. त्यानंतरच्या दशकांत सायकलींचे स्वतंत्र मार्ग, वस्तीतील मंदगती रस्ते, शाळांभोवतीचे सुरक्षित पट्टे एकामागून एक झाले. यातून आम्ही घेतो तो बोध असा, की स्वच्छ हवेची वाट तेथे मुलांच्या सुरक्षिततेपासून सुरू झाली. ज्या रस्त्यावरून नववीतील मूल निर्धास्तपणे पायी वा सायकलीने जाऊ शकते, तो रस्ता आपोआपच कमी धुराचा असतो.

आमच्याकडे हे का होऊ नये? "गोव्यात पाऊस फार, ऊन फार," असे उत्तर मिळते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण पहाटे भोंगा वाजवीत दारोदार पाव पोचविणारा पोदेर आजही अनेक गावांत सायकलीवरूनच येतो, पावसातही येतो. कदंब बसस्थानकापासून मिरामारपर्यंतचे अंतर सुमारे चार किलोमीटर. त्यात चढ नाही. त्यास अडविते ते ऊन नव्हे, तर बाजूने सुसाट जाणारे वाहन आणि पदपथावर उभी केलेली मोटार. भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत पाचांतील दोघांहून अधिक दुचाकीस्वार होते. हा आकडा वाचताना वळणाआड ठेवलेली ती स्कूटर आमच्या डोळ्यांसमोर उभी राहते. अल्पवयीन मुलाने वाहन चालविल्यास पालकास 25 हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात घातले आहे. कायदा कडक आहे. पण संध्याकाळी सहानंतर मुलास घरी नेणारी बस नसेल, तर पालक कायद्याची व अंधाराची भीती तागडीत घालतात, आणि बहुधा अंधाराचे पारडे जड होते.

आमच्या नदीचाही विचार व्हावा. पणजी ते बेती ही फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते व पायी जाणाऱ्यास भाडे पडत नाही. पण धक्क्यावर उतरल्यावर पुढे काय? फेरीबोट एका वेळी येते, बस दुसऱ्या वेळी सुटते. केरळातील कोची येथे एप्रिल 2023 मध्ये 'वॉटर मेट्रो' सुरू झाली. विजेवर चालणाऱ्या, शंभर प्रवासी नेणाऱ्या बोटी, धक्का व बोट यांची उंची सारखी राखणारे तरते फलाट, त्यामुळे वृद्धांस व चाकाच्या खुर्चीतील प्रवाशांसही चढणे सोपे. आणि बोटीच्या वेळा शहरातील इतर वाहतुकीशी जुळविण्याचा प्रयत्न. मांडवी व झुआरी यांच्या काठी वसलेल्या प्रदेशास हे शिकण्यासारखे नाही काय? ज्यांच्या आजोबापणजोबांनी 'तारी'च्या हाकेवर नद्या ओलांडल्या, त्यांस बोटीचे महत्त्व कोणी पटवून द्यावे!

विजेच्या बसगाड्यांचे आम्ही स्वागत करतो. पणजीच्या रस्त्यांवर कदंबच्या विजेच्या बसगाड्या धावू लागल्या आहेत. त्यांच्या मागून चालताना नाकास रुमाल लावावा लागत नाही, हे लहान सुख नव्हे. परंतु विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे, की ही वीज येते कोठून? आपल्या देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशापासून होते. तेव्हा धूर पणजीत निघाला नाही तरी दूरच्या कोणा वीजकेंद्राच्या धुराड्यातून तो निघतोच, आणि तेथेही मुले राहतात. सूर्यापासून व वाऱ्यापासून होणारी वीज जसजशी वाढेल, तसतशी या बसची खरी किंमत उतरेल. तोवर हे विसरू नये, की विजेच्या मोटारींनी भरलेला रस्ताही भरलेलाच असतो.

एक इशाराही द्यावासा वाटतो. चांगली योजना नुसती बांधून टिकत नाही. इंदूर हे आपल्या मराठी बांधवांचे जुने नगर. तेथे 2013 साली बससाठी रस्त्याच्या मधोमध सुमारे साडेअकरा किलोमीटरची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. असंख्य विद्यार्थी व नोकरदार तिचा लाभ घेत. पण बाकीच्या वाहनांस जागा अपुरी पडते ही तक्रार कधी थांबली नाही, आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती मार्गिका काढण्यास आरंभ झाला. तिच्या गुणदोषांचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण जी व्यवस्था बसमध्ये बसणाऱ्यांची आहे, ती मोटारीत बसणाऱ्यांसही आपली वाटली पाहिजे, एवढे तरी त्यातून दिसते. मोटारीतून एकटे जाणाऱ्यास समजले पाहिजे, की पुढच्या बसमधील 40 माणसे स्वतंत्र गाड्या घेऊन निघाली असती, तर आपण याच ठिकाणी तासभर अडकलो असतो.

सारांश, कोणत्याही मध्यम आकाराच्या शहराने पुढील क्रम धरावा असे आम्हांस वाटते. आधी चालणाऱ्याचा पदपथ: सलग, सावलीचा, पावसात न तुंबणारा. मग बस: ठरल्या वेळी येणारी, आणि रात्री नवापर्यंत गावोगाव परत नेणारी. मग बस, बोट व सायकल यांची सांगड, म्हणजे एकीवरून उतरताच दुसरी समोर दिसावी. मग शहराच्या मध्यभागी मोटार उभी करण्यास योग्य ते मोल, आणि त्या पैशांतून संध्याकाळच्या बसगाड्या. मोटारीसाठी रस्ता या साऱ्यांनंतर. हा क्रम आज बहुतेक ठिकाणी उलटा आहे. मोटार घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. आजारी माणूस, वृद्ध आईबाप, आडवळणी वाड्यावरचे घर, यांस तिची गरज लागणारच. पण जी वस्तू गरजेची आहे ती सक्तीची होऊ नये.

नियोजन हे शासनाचे काम खरे, पण शासनास सांगणे हे नागरिकांचे काम आहे, आणि सांगण्यापूर्वी मोजणे हे विद्यार्थ्यांचे. म्हणून आम्ही आमच्या नववीच्या वर्गास एक काम दिले आहे. सलग पाच दिवस फाटकापाशी उभे राहून मोजावयाचे: किती मुले पायी आली, किती सायकलीने, किती बसने, किती दुचाकीवर, किती मोटारीतून, आणि कोणत्या गावची शेवटची बस किती वाजता. तो तक्ता पालकसभेपुढे ठेवू व त्याची प्रत वाहतूक अधिकाऱ्यांस देऊ. त्या तक्त्यात वळणाआड ठेवलेल्या स्कूटरीही मोजल्या जातील. आमची स्वतःची, जी आम्ही चार किलोमीटरांसाठी रोज काढतो, तीही.

आणि नाटकाचे? पुढील वर्षापासून तालमी मधल्या सुटीत व शनिवारी सकाळी घ्याव्यात असे ठरले आहे. हे आधीच सुचावयास हवे होते. त्यास ना पूल लागत होता, ना अंदाजपत्रक. स्नेहसंमेलनाच्या रात्री नाटक चांगले झाले, टाळ्याही पडल्या. ती मुलगी प्रेक्षकांत नव्हती. कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला होता, आणि तिची बस सव्वासहाला गेली होती.